श्वास घेतला, पुढे काय?

काशीमीरा नाक्यावर सुटणारी बस धावत पकडली की धाप लागते. हा प्राणवायू फुप्फुसांना हवा असतो, असा पुष्कळांचा समज आहे. फुप्फुसे तो फक्त रक्ताच्या हवाली करतात. त्याचे खरे गिऱ्हाईक म्हणजे शरीरातील पेशी.

पेशींत तंतुकणिका नावाच्या सूक्ष्म भट्ट्या असतात. (तांबड्या रक्तपेशींत त्या नसतात. त्या बिचाऱ्या हमाल. प्राणवायू वाहतात, स्वतः वापरत नाहीत.) भात-भाकरीतून आलेले ग्लुकोज आधी भट्टीबाहेरच अर्धवट फुटते. त्याला प्राणवायू लागत नाही, पण एका रेणूमागे एटीपी या ऊर्जेच्या नाण्यांची निव्वळ कमाई दोनच. उरलेले तुकडे भट्टीत जातात. तेथे त्यांतील इलेक्ट्रॉन पायरी पायरीने खाली उतरतात, ऊर्जा देतात आणि तळाशी प्राणवायू त्यांना झेलतो. त्याचे पाणी होते. आता एकूण कमाई सुमारे ३० ते ३२! जुन्या पाठ्यपुस्तकांत ३६ किंवा ३८ आकडा आढळेल, तो आता मागे पडला आहे.

झेलणारा नसेल तर सारी साखळीच तुंबते. धावताना पायांचे स्नायू थोडा वेळ त्या दोन नाण्यांवर भागवतात. मेंदूला ते जमत नाही. वजनाने शरीराच्या २ टक्के असलेला मेंदू विश्रांतीच्या वेळीही सुमारे २० टक्के प्राणवायू वापरतो. त्याचा पुरवठा काही मिनिटे तुटला तरी कायमची इजा होते.

बंद न्हाणीघरातला गॅस गिझर नेमका येथेच घात करतो. जानेवारी २०२० मध्ये शेजारच्या बोरिवलीत एका शाळकरी मुलीचा असाच बळी गेला. गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. छाती हलत असते, नाडी चालू असते, पण पेशी उपाशी. डोके जड होते, मळमळते, पाय लटपटतात; आपण म्हणतो, पित्त झाले!

असा गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. आंघोळ करताना चक्कर आल्यास लगेच दार उघडून बाहेर यावे आणि दवाखाना गाठावा. गिझर चालू होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अशा वेळी फसते. या विषारी वायूने भरलेले रक्तही त्याला प्राणवायूने भरलेले वाटते.