मुक्त परवान्याचे पाठ्यसाहित्य

ग्रंथालयातील पुस्तक कोणासही वाचावयास मिळते. परंतु तेवढ्याने ते छापून वाटण्याचा अधिकार वाचकास प्राप्त होत नाही. आंतरजालावरील पाठांची स्थितीही हीच आहे. विनामूल्य पाहावयास मिळणारा पाठ आणि मुक्त परवान्याचा पाठ या दोन भिन्न वस्तू होत. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार लेखनावरील हक्क लेखकाच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि भाषांतराचा अधिकारही त्यातच मोडतो. अध्यापनासाठी कायद्याने काही सवलत ठेविली आहे खरी. तथापि वर्गातील पाठ मुद्रित करून सर्व जगास खुला करावयाचा झाल्यास केवळ तिच्यावर विसंबणे शहाणपणाचे नव्हे.

ही अडचण ओळखून २००१ साली क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था स्थापन झाली व २००२ च्या डिसेंबरात तिचे पहिले परवाने प्रसिद्ध झाले. अशा परवान्याने लेखक आपला हक्क सोडीत नाही; अनुमती मात्र तो आगाऊच, सर्वांस देऊन ठेवतो. तिच्यासोबत येणाऱ्या अटी चार: मूळ कर्त्याचा नामनिर्देश, नव्या कृतीस तोच परवाना, व्यापारी उपयोगास मनाई आणि फेरफार करून प्रसिद्ध करण्यास मनाई. पहिली अट आज प्रचलित असलेल्या सहाही परवान्यांत आढळते. बाकीच्या कर्त्याच्या इच्छेनुसार जोडल्या जातात.

मराठी शिक्षकास सर्वांत जाचक ठरते ती चौथी अट. भाषांतर हाही फेरफारच असल्याने अशा इंग्रजी पाठाची मराठी आवृत्ती कर्त्याच्या वेगळ्या अनुमतीवाचून प्रसिद्ध करता येत नाही. याउलट मुंबईच्या आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पाच्या पाठांवर केवळ नामनिर्देश व समान परवाना एवढ्याच अटी आहेत. त्यांपैकी अनेक पाठ मराठीतही उपलब्ध आहेत.

दुसरा पेच मिश्रणाचा. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने आपले अभ्यासक्रम खुले करण्याची घोषणा २००१ मध्ये केली. त्यांतील बहुतेक साहित्यावर समान परवान्याबरोबरच व्यापारी उपयोगास मनाईही आहे. समजा, पायथन ही संगणकभाषा शिकविण्यासाठी एका शिक्षकाने स्पोकन ट्युटोरियलमधील विवेचन व एमआयटीची उदाहरणे एकत्र गुंफून नवा पाठ रचला. त्यास परवाना कोणता लावावा? पहिल्याच्या अटीप्रमाणे व्यापारी उपयोगास मोकळीक ठेविली पाहिजे, तर दुसऱ्याच्या अटीप्रमाणे तो वर्ज्य. असा पाठ प्रसिद्ध करता येत नाही. मात्र दोन्ही पाठ न मिसळता, आपापल्या परवान्यासह एकामागून एक ठेवण्यास हरकत नसते.

नामनिर्देशात पाठाचे नाव, कर्ता, मूळ स्थान, परवाना व केलेले फेरफार ही नमूद करावीत. चित्रफितीच्या बाबतीत हा मजकूर चित्रफितीतच दाखविणे बरे. कारण विद्यार्थी ती मोबाइलवरून एकमेकांस पाठवितात, तेव्हा सोबतची टिप्पणी मागेच राहून जाते. शिवाय मुक्त पाठातील एखादे छायाचित्र तिऱ्हाइताच्या मालकीचे असू शकते. त्याखालील सूचना निराळी वाचावी, आणि शंका आल्यास ते वगळून आकृती स्वतः काढावी.