बॉयलर नवा, रेडिएटर थंडच

इंग्लंडात घर गार पडलं की पहिला संशय बॉयलरवर जातो, आणि बॉयलर विकणाऱ्यांना तो तिथेच जायला हवा असतो. रेडिंगजवळच्या आमच्या घरात नेमकं हेच घडलं. वरच्या खोल्या तापायच्या, पण खाली दिवाणखान्यातला आणि मागच्या खोलीतला रेडिएटर जेमतेम कोमट. कंपनीच्या माणसाने बॉयलरचं झाकण काढलं, बॉयलर किती वर्षांचा ते विचारलं, मान हलवली आणि नव्याचं कोटेशन काढून दिलं. नवा बसला. नळाला कढत पाणी, वर उकाडा, आणि खालचे दोन रेडिएटर जसेच्या तसे. फोन केला तर म्हणे, थोडे दिवस चालू द्या, सिस्टीम सेट होईल. दोष पाइपातल्या पाण्यात होता आणि ते पाणी कोणी थेंबभरही काढून बघितलं नव्हतं.

आपल्याकडून इथे आलेल्यांना गीझर माहीत असतो. त्यातलं पाणी तापतं, नळातून वाहून जातं, विषय संपला. इथे रेडिएटरांमधलं पाणी वर्षानुवर्षं तेच असतं. पंप ते बॉयलरमधून घरभर फिरवतो आणि परत आणतो. रेडिएटर पोलादाचे. पाण्यातल्या ऑक्सिजनने ते आतून गंजत जातात आणि मॅग्नेटाइट नावाचा काळा, बारीक, लोहचुंबकाला चिकटणारा गाळ तयार होतो. जड असल्याने तो बहुधा खालच्या मजल्यावर, रेडिएटरच्या तळाशी जाऊन बसतो.

म्हणून कोणालाही बोलावण्याआधी हीटिंग लावा, अर्ध्या तासाने घरभर फिरा आणि प्रत्येक रेडिएटरला वर, खाली, मध्ये हात लावून बघा. दोन्ही टोकांचे पाइपही बघा, पण जपून, चटका बसतो. वरचा भाग थंड आणि खालचा गरम असेल तर आत हवा आहे. हीटिंग बंद करून, रेडिएटर निवल्यावर वरच्या कोपऱ्यातला स्क्रू चावीने अर्धा फेरा सैल करा. खाली फडकं धरा. फुसफुस थांबून पाणी आलं की लगेच आवळा. पण तोच रेडिएटर दर पंधरवड्याला हवा धरू लागला तर ती साधी हवा नसून गंजताना सुटणारा हायड्रोजन असू शकतो. काही जुने कारागीर तिथे काडी ओढून खात्री करतात. आपण तो प्रयोग करू नये.

वरची कड आणि बाजू गरम, तळाचा मधला भाग गार, म्हणजे गाळ. आमचं दुखणं हेच. सगळा रेडिएटर थंड पण शेजारचे छान, तर वाल्व अडकलाय. घरातले सगळेच रेडिएटर थंड आणि नळाला मात्र गरम पाणी, तर आधी भिंतीवरच्या थर्मोस्टॅटची बॅटरी आणि टायमर बघा. ते ठीक असेल तर हीटिंग आणि नळाचं पाणी दोन्ही तापवणाऱ्या कॉम्बी बॉयलरमधला पाणी वळवणारा वाल्व अडकलेला असू शकतो, आणि ते काम आपलं नव्हे. बॉयलरजवळचे रेडिएटर भाजताहेत नि टोकाचे गार आहेत, तर प्रवाहाची वाटणी बिघडली आहे. सोसायटीत खालच्यांनी नळ पूर्ण सोडले की वरच्यांकडे करंगळीएवढी धार येते, तसंच. जवळच्या रेडिएटरांचा टोपीखालचा लॉकशील्ड वाल्व पाव-पाव फेरा आवळत जायचं, दर वेळी थोडं थांबून हात लावायचा. कंटाळवाणं काम आहे, पण फुकट आहे.

अडकलेल्या वाल्वसाठी कारागीर बोलावणं मला उधळपट्टी वाटते. वाल्ववरच्या 1 ते 5 आकडे असलेल्या मुंडीत मेण किंवा द्रव भरलेली छोटी डबी असते. खोली तापली की ती फुगते, खालची पिन दाबते आणि पाणी अडतं. उन्हाळाभर वाल्व बंद राहिला की ती पिन खालीच चिकटून बसते. मुंडी 5 वर फिरवा, तिच्याखालचं कडं सैल करा (काही मुंड्या खटक्याने निघतात) आणि ती उचलून घ्या. मधोमध पिन दिसेल. पान्याच्या सपाट बाजूने दाबा: चांगली पिन थोडीशी खाली जाते आणि आपणहून वर येते. हललीच नाही तर वाल्वच्या अंगावर हलके ठोके, थेंबभर वंगण, पुन्हा दाब. पकडीने ओढू मात्र नका. काही वाल्वांत पिन उपटून आली तर तिच्यामागून पाण्याची चिळकांडी येते. उन्हाळ्यात मुंड्या पूर्ण उघड्या ठेवल्या तर हे सहसा होत नाही.

बॉयलरवरचा प्रेशरचा काटा सिस्टीम थंड असताना 1 ते दीड बारवर हवा. कमी असेल तर बॉयलरखालच्या जाळीदार नळीचे वाल्व उघडून पाणी भरता येतं. भरल्यावर दोन्ही घट्ट बंद करा, कारण 3 बारला सुरक्षा वाल्व उघडतो आणि पाणी घराबाहेर जातं. दर आठवड्याला भरावं लागत असेल तर कुठेतरी गळतंय किंवा तापलेल्या पाण्याला फुगायला जागा देणाऱ्या एक्स्पान्शन व्हेसलमधली हवा गेली आहे. दर भरण्याबरोबर नवा ऑक्सिजन आत जातो, म्हणजे नवा गंज, हे बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही.

कडाक्याच्या थंडीत सकाळी बॉयलर गुडगुडून बंद पडला तर त्यात साचलेलं पाणी बाहेर नेणारा प्लास्टिकचा पाइप गोठला असेल. त्यावर कोमट पाणी ओता, उकळतं नको.

आमच्याकडे शेवटी दुसरा, एकटाच काम करणारा इंजिनिअर आला. त्याने आधी मागच्या खोलीतल्या रेडिएटरचं पाणी पांढऱ्या मगात काढलं. काळंभोर. मगाच्या बाहेरून लोहचुंबक फिरवला तसा गाळ आतून त्याच्या मागे सरकत गेला. मग लॉकशील्ड किती फेऱ्यांत बंद होतो ते लिहून घेऊन दोन्ही रेडिएटर उतरवले, गालिच्यावर प्लास्टिक अंथरून बागेत नेले आणि पाइप लावून धुतले. गवतावरचा काळा पट्टा पावसानेच गेला. नंतर गंजरोधक इनहिबिटर घातलं, परतीच्या पाइपवर चुंबकीय फिल्टर बसवला. त्याच संध्याकाळी दिवाणखान्यात स्वेटर काढून बसता आलं.

खरं तर नवा बॉयलर बसवताना जुनं पाणी साफ करणं आणि इनहिबिटर घालणं बीएस 7593 या ब्रिटिश मानकातच सांगितलेलं आहे, आणि ते केलं नाही तर अनेक उत्पादक वॉरंटी नाकारतात. म्हणून कोटेशनमध्ये सफाई, इनहिबिटर आणि फिल्टर हे तिन्ही वेगळे लिहून घ्या. ‘त्यात आलंच ते’ हे तोंडी उत्तर चालवून घेऊ नका.

बॉयलरचं झाकण आपण उघडायचं नाही. गॅसचं काम करणाऱ्याची गॅस सेफ रजिस्टरमध्ये नोंद असणं कायद्याने बंधनकारक आहे. 2009 मध्ये कॉर्गी या आधीच्या नोंदणीची जागा या रजिस्टरने घेतली. कार्ड मागायला संकोच नको, आणि ते उलटूनही बघा, कोणत्या कामांची परवानगी आहे ते मागच्या बाजूला असतं. गॅसचा वास आला तर खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि 0800 111 999 ला फोन करा.

शिकायला आलेली आपली मुलं भाड्याच्या घरात कांबळी पांघरून दिवस काढतात आणि घरमालकाला दुखवायला नको म्हणून गप्प बसतात. इंग्लंडात 1985 च्या घरमालक-भाडेकरू कायद्याच्या कलम 11 नुसार नेहमीच्या निवासी भाडेकरारात हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा दुरुस्त ठेवणं ही घरमालकाची जबाबदारी आहे. कोणता रेडिएटर, कोणता भाग थंड, काटा कितीवर, हे फोटोसकट ईमेलने कळवा. फोनवर बोलणं झालं असलं तरी ईमेल कराच.