चहाचा पुडा आणि कापडाचा ताका : व्हिक्टोरिया राणीच्या काळातील ऑस्ट्रेलियाचा बाजार

जाहिरातबाजी ही टीव्ही आणि मोबाईलची देणगी आहे, अशी आपल्यातील पुष्कळ दुकानदारांची समजूत आहे. ती बरोबर नाही. गिऱ्हाइकाला दुकानाच्या पायरीपर्यंत आणण्याच्या ज्या युक्त्या आज दिसतात, त्यांतील बहुतेक राणी व्हिक्टोरियाच्या कारकिर्दीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, इंग्रजांच्या वसाहतींत रुळलेल्या होत्या. ऑस्ट्रेलियात चहा आणि कापड कसे विकले जाई, ते येथे पाहू. चहा आपल्या मुलखातून तिकडे गेला आणि कापड तर आपला रोजचा धंदा. म्हणून हे दोनच जिन्नस आम्ही निवडले.

त्या काळच्या दुकानदाराची पहिली अडचण अंतराची होती. इंग्लंडहून शिडाचे जहाज यायला सुमारे तीन महिने लागत. लंडनमध्ये आज कोणता रंग चालतो, हे सिडनीच्या बाईला कळेपर्यंत हंगाम उलटून जाई. शिवाय तिकडे थंडी तर इकडे उन्हाळा. पण व्यापाऱ्याने ही अडचणच जाहिरात केली. अमुक जहाजातून नुकताच उतरलेला माल, असे जहाजाचे नाव घालून वर्तमानपत्रात छापायचे. गिऱ्हाइकाला ताज्या मालाची खात्री पटे. मोठ्या पेढ्यांनी तर लंडनमध्ये आपले खरेदीदारच बसवले. १८७२ साली तारेने इंग्लंड व ऑस्ट्रेलिया जोडले गेले आणि भाव व मागणी कळवणे आणखी सोपे झाले.

कापडवाल्यांमध्ये डेव्हिड जोन्स हे नाव ठळक आहे. हा वेल्स प्रांतातला माणूस. त्याने १८३८ च्या मे महिन्यात सिडनीच्या जॉर्ज स्ट्रीटवर दुकान उघडले. पुढे तो कारभारातून निवृत्त झाला आणि काही वर्षांत पेढी बुडाली. म्हाताऱ्याने घरी बसून हळहळ केली नाही. तो परत गल्ल्यावर आला, कारभार हाती घेतला आणि काही वर्षांत सगळ्या देणेकऱ्यांची पै न् पै चुकती केली. त्याच्या नावाची दुकाने आजही चालतात. आमच्या मते त्या पेढीची सर्वांत मोठी जाहिरात हीच होती, आणि तिला छापखान्याचा खर्च आला नाही.

शहराबाहेरचे गिऱ्हाईक शेकडो मैल लांब, मेंढ्यांच्या वाड्यांवर राहणारे. त्याच्यासाठी टपाल होते. सिडनीच्या अँथनी हॉर्डर्न अँड सन्ससारख्या पेढ्या मालाची चित्रे व भाव छापलेली जाडजूड पुस्तके पाठवत. कापडाचे लहान तुकडे कापून नमुनेही पाठवले जात. घरच्या घरी माप घेऊन कसे कळवावे, याच्या सूचना मिळत. बाई चुलीजवळ बसून कापड बोटांनी चोळून पाही आणि पत्राने मागणी नोंदवी. मात्र यात एक अट आपोआप येते. नमुन्याला जे कापड लावले, तेच ताक्यातून निघाले पाहिजे. न पाहिलेल्या गिऱ्हाइकाशी व्यवहार करताना एकदा जरी पोत हलका निघाला, तर ते घराणे कायमचे तुटते. आज फोनवर फोटो पाठवून माल विकणाऱ्या आमच्या तरुण भावांनी या जागी थोडे थांबावे.

आता भावाच्या चिठ्ठीकडे वळू. इंग्लंडातून आलेली एक रीत अशी की, दोन शिलिंगांचे कापड एक शिलिंग पावणेबारा पेन्सला लावायचे. शिलिंगात बारा पेन्स आणि पेन्सात चार फार्दिंग, तेव्हा हा भाव फक्त एका फार्दिंगने कमी. तरी गिऱ्हाइकाच्या नजरेत एक शिलिंगच भरे. आपल्या नव्याण्णव रुपयांचा हा आजोबाच म्हणायचा. पुढची गंमत अशी की, तो एक फार्दिंग परत न देता टाचण्या खोवलेला एक कागद हातात ठेवला जाई. घाऊक भावात तो कागद फार्दिंगपेक्षा स्वस्त पडे. सुटे नाहीत म्हणून गोळी हातावर ठेवणारे दुकानदार आपल्याकडेही आहेत. रक्कम कितीही लहान असो, न विचारता दिलेला असा मोबदला आम्हाला तेव्हाचाही पटत नाही आणि आजचाही.

चहाची गोष्ट वेगळी. सुरुवातीला ऑस्ट्रेलियात चिनी चहाच चाले. हिंदुस्थानी चहाला वाट करून देणाऱ्यांत जेम्स इंग्लिस हा एक. तो पूर्वी बिहारमध्ये निळीचा मळेवाला होता. १८७९ च्या सिडनी प्रदर्शनात तो हिंदुस्थान सरकारचा प्रतिनिधी म्हणून उभा राहिला. पुढे १८८०-८१ च्या मेलबर्न प्रदर्शनात कलकत्त्याच्या चहावाल्यांच्या सिंडिकेटनेही आपला माल लोकांपुढे मांडला. इंग्लिसने पुढे स्वतःची चहाची पेढी काढली आणि ‘बिली टी’ नावाचा पुडा बाजारात आणला. रानात फिरणारे मजूर ज्या पत्र्याच्या डब्यात चहा उकळत, त्याला ‘बिली’ म्हणत. पुड्यावर असा मजूर आणि कांगारू यांचे चित्र. म्हणजे पत्ती आमच्याकडची, पण चित्र तिथल्या माणसाच्या रोजच्या जगण्याचे. पुढे १९०३ साली या पेढीने ‘वॉल्ट्झिंग मटिल्डा’ हे गाणे घेतले, त्यात शब्दांचे फेरफार करवले आणि ते चहाच्या जाहिरातीसाठी वापरले. ते गाणे आज सगळा ऑस्ट्रेलिया आपले म्हणून गातो.

पण या प्रचाराची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. काही चिनी हिरव्या चहाला निळा रंग व जिप्सम लावत, हे खरे होते. रॉबर्ट फॉर्च्यूनने ते चीनमध्ये डोळ्यांनी पाहिले होते. मात्र त्यावरून सगळाच चिनी चहा घाणेरडा, असा बोभाटा करण्यात आला. आसामच्या मळ्यांत करारात अडकलेल्या मजुरांचे हाल मात्र कोणत्याही पुड्यावर छापले गेले नाहीत. आपला माल चांगला आहे हे सांगणे वेगळे आणि दुसऱ्याच्या कौमेविषयी मनात किळस भरणे वेगळे.

ही किळस पुढे आपल्याच माणसांवर उलटली. पंजाब, सिंध, सरहद्द भागांतून गेलेले फेरीवाले पाठीवर गाठोडे किंवा घोडागाडी घेऊन रानोमाळ कापड, सुई-दोरा, तयार कपडे विकत. त्यांत मुसलमान पुष्कळ, शीखही होते. तिकडचे लोक यांना आणि उंटवाल्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हणत. ॲडलेडची मशीद १८८८-८९ साली याच लोकांसाठी उभी राहिली. जिथे टपालाचे पुस्तक पोहोचूनही भरवसा बसत नसे, तिथे हा माणूस माल अंगणात उघडून दाखवी, म्हणून शेतकऱ्यांच्या बायका त्याची वाट पाहत. गावातील गोऱ्या दुकानदारांना ते खुपू लागले. १८९० च्या दशकात आशियाई माणसाला फेरीचा परवाना देऊ नये, अशी ओरड ठिकठिकाणी झाली. १९०१ च्या कायद्याने तर नव्या माणसाची वाटच जवळजवळ बंद केली. आधी गेलेल्यांपैकी कित्येक जण तरीही वर्षानुवर्षे फेरी करत राहिले, काहींनी लहान गावांत दुकानेही मांडली.