साडेचौदा तासांचा हिशेब

वर्धा

चि. राणीस,


नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को 13,100 किलोमीटर, विमानाचा वेग ताशी 900, म्हणजे साडेचौदा तास, असं तू आईला सांगितलंस आणि तिने ते अख्ख्या गल्लीत सांगून टाकलं. भागाकार बरोबर आहे, पण ज्या सरळ रेषेचं ते अंतर आहे, त्या रेषेवरून तू जाणार नाहीस.

घरातल्या पृथ्वीगोलावर या दोन गावांमध्ये दोरा ताणून बघ. तो युरोपकडे जातच नाही; तिबेट, सैबेरिया, अलास्का असा वरून फिरतो. तिबेटवरून प्रवासी विमानं सहसा नेत नाहीत. केबिनमधला दाब गेला तर वैमानिकाला झटकन खाली यावं लागतं, आणि तिथे खाली डोंगरच असतात. त्यात शेजाऱ्यांची भांडणं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांचे तास वाढले.

वाऱ्याची गंमत तर आणखी वेगळी. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे 13,900 किलोमीटर. ऑक्टोबर 2016 मध्ये ते पॅसिफिकवरून नेलं. अंतर वाढून 15,300 झालं, तरी ते जवळपास दोन तास लवकर पोचलं, कारण उंचावरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो आणि तो आता पाठीशी होता.

म्हणून तिकीट पाहताना किलोमीटर बघू नकोस. घराच्या दारापासून तास मोज. वर्धा ते नागपूरचं सोनेगाव विमानतळ दीड तास धर. मग दिल्ली किंवा दोहा, तिथला मुक्काम, लांबचं उड्डाण, शेवटी इमिग्रेशनची रांग. तीस तासांची तयारी ठेव. (1949 पासून कित्येक वर्षं दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रासची टपाल विमानं मध्यरात्री नागपुरात जमून थैल्या बदलत. तेव्हा सगळे आपल्याकडे विमान बदलत. आता आपण त्यांच्याकडे जातो.)

दोन वेगळी तिकिटं स्वस्त पडतात म्हणून घेऊ नकोस, हे मात्र हट्टाने सांगतो. एकाच तिकिटावर पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय कंपनी करते. वेगळं असेल तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तू आलीच नाहीस, आणि पैसे बुडाले. मधला वेळ तीन तासांहून कमी नको. अमेरिकेत पुढे आणखी विमान बदलायचं असेल, तर पहिल्या विमानतळावर सहसा बॅग स्वतः उचलून पुन्हा द्यावी लागते. तिथे वेळ जातो.

ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं. इथे सकाळचे नऊ, तर तिथे आदल्या रात्रीचे साडेआठ. विद्यापीठाच्या वसतिगृहाला पोचण्याची तारीख कळवताना तिकिटावरची तिथलीच तारीख लिही; आईने कॅलेंडरवर लिहिलेली नको.

पैसे भरण्याआधी तिकिटाचा तपशील मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव.

तुझा,
मामा