वसतिगृहांतील मुले आणि काळजीवाहकांचे प्रशिक्षण

राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी ज्या कोल्हापुरात वसतिगृहे उभारली, तेथेच जून २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरील मजकुरावरून हिंसाचार उसळला. असा मजकूर भ्रमणध्वनीवाटे वसतिगृहांतील मुलांपर्यंतही पोहोचतो. म्हणून द्वेषप्रचाराच्या प्रभावाची लक्षणे ओळखण्याचे प्रशिक्षण काळजीवाहकांना देणे अगत्याचे आहे. जुने मित्र एकाएकी तोडणे, अनोळखी व्यक्तींशी चोरून संपर्क ठेवणे, सूडाची भाषा बोलणे या बदलांची नोंद घ्यावी. वाढलेली धर्मश्रद्धा वा बदललेला पोशाख हे मात्र लक्षण नव्हे. गफलत बहुधा येथेच होते. मुलाशी एकांतात, दोषारोप न करता बोलावे व समुपदेशकाचे साहाय्य घ्यावे. बाल न्याय अधिनियम, २०१५ मुलाच्या गोपनीयतेचा हक्क मान्य करतो. तेव्हा अशा नोंदी इतर मुलांच्या वा अभ्यागतांच्या हाती पडू देऊ नयेत.