कानापर्यंत एकच वाट

मॉनिटरिंगच्या वाटेवरून जाणारा आवाज कुठेही साठत नाही. स्पीकरमधून किंवा हेडफोनमधून बाहेर पडतो आणि संपतो. माइकच्या बाजूला काही बिघडलं तर ते फाइलमध्ये राहतं, पुन्हा ऐकता येतं, चौघांना ऐकवता येतं. मॉनिटरच्या बाजूचा बिघाड फाइलमध्ये सापडत नाही. तो गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर दिसतो, नाहीतर मिक्स दुसऱ्याच्या घरी वाजवल्यावर कळतो.

पुण्यातल्या आमच्या स्टुडिओत शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत, भावगीतं आणि ऑडिओबुक्स रेकॉर्ड होतात. जागा लहान आहे आणि वायरिंग वर्षानुवर्षं गरज पडेल तसं वाढत गेलेलं. ते सगळं उपसून मॉनिटरिंग नव्याने बांधलं, तेव्हा एक गोष्ट मला पक्की कळली. कुठलाही आवाज कानापर्यंत एकाच वाटेने यायला हवा. स्टुडिओतल्या निम्म्याहून अधिक तक्रारींच्या मुळाशी नकळत तयार झालेली दुसरी वाट असते. पुढचे बहुतेक अनुभव त्याबद्दलच आहेत.

१. फाइल स्वच्छ आहे म्हणून गायकाची तक्रार बाजूला ठेवू नका.

एक ख्यालगायिका आलापाला बसल्या होत्या. पट्टी पांढरी पाच. तानपुरा आधी रेकॉर्ड करून घेतला होता आणि तो त्यांना हेडफोनमध्ये जात होता. दोन-तीन वेळा थांबल्या आणि म्हणाल्या, "दादा, खर्ज हलतोय हो. मी जुळवला तेव्हा असा नव्हता." कंट्रोल रूममध्ये तानपुरा अगदी स्थिर होता. फाइल एकटी वाजवून पाहिली, तरी स्थिर. शेवटी बूथमध्ये जाऊन त्यांचेच हेडफोन कानाला लावले. खर्जाच्या तारेवर खरोखरच संथ लाट येत होती, सेकंदाला दोनदा.

हिशेब सोपा निघाला. पांढरी पाचचा मध्य षड्ज १९६ हर्ट्झचा, म्हणजे खर्ज ९८ चा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. पॉवर सप्लायमध्ये ती रेक्टिफाय झाली की मागे उरणारी घरघर १०० हर्ट्झची असते. ९८ आणि १०० एकत्र वाजले की सेकंदाला दोन लाटा येणारच. ती घरघर इतकी हलकी होती की एकटी कुणाला ऐकू आली नसती. तानपुऱ्यात मिसळली तेव्हाच ती उघड झाली, आणि तीही षड्जावर आयुष्य घालवलेल्या कानाला. हेडफोन अ‍ॅम्पची इनपुट केबल काढली तरी घरघर तशीच राहिली. म्हणजे दोष अ‍ॅम्पच्या आतच होता. सप्लायमधला जुना कपॅसिटर सुकला होता; तो बदलल्यावर खर्ज जागेवर आला. काळी चारची पट्टी असती, तर खर्ज १०४ च्या आसपास पडला असता आणि लाटा सेकंदाला चार झाल्या असत्या.

तेव्हापासून घरघर आली की आधी तिचा स्वर ओळखतो. ५० हर्ट्झचा खोल हुंकार असेल तर अर्थिंगचं वेटोळं किंवा जवळचा ट्रान्सफॉर्मर शोधायचा. १०० ची जरा चढी, खरखरीत घरघर असेल तर आधी पॉवर सप्लाय बघायचा. करकर असा तीक्ष्ण आवाज असेल आणि पंख्याचा रेग्युलेटर फिरवल्यावर तो बदलत असेल, तर पुढे शोधायची गरजच नाही.

२. आधी जे आहे त्याचा नकाशा काढा. जे असायला हवं ते नंतर.

केबलचं एक टोक हलवायचं आणि दुसरं कुठे हलतं ते बघायचं. प्रत्येक केबल अशी हाताने तपासून मगच कागदावर उतरवायची. आमच्या नकाशात अशा वाटा सापडल्या ज्या कुणी मुद्दाम बनवल्या नव्हत्या. इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरमधून गायकाचा आवाज हेडफोनकडे जात होता, आणि तोच आवाज सॉफ्टवेअरमधून फिरून पुन्हा तिथेच येत होता. कंट्रोल रूमच्या मॉनिटर आउटवरूनच हेडफोनलाही फाटा दिला होता. पॅचबेचे दोन पॉइंट कुणीतरी कधीतरी जोडले होते आणि ते का जोडले हे आता कुणालाच आठवत नव्हतं.

केबलच्या दोन्ही टोकांना लेबल लावा. त्यावर "डावा" एवढंच लिहून भागत नाही. ती कुठून निघाली आणि कुठे पोचली, दोन्ही लिहा.

३. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज दोनदा देऊ नका.

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर.

आवाज कॉम्प्युटरमध्ये जाऊन परत येतो, त्याला वेळ लागतो. ४८ किलोहर्ट्झला २५६ सॅम्पल्सचा बफर ठेवला, तर एका बाजूचेच ५.३ मिलीसेकंद होतात. जाऊन-येऊन साडेदहाच्या वर, आणि कन्व्हर्टरचा वेळ वेगळा. तोच आवाज डायरेक्ट मॉनिटरमधूनही येत असेल तर दोन्ही आवाज कानात एकत्र येतात. एक आधी, एक किंचित मागून. काही कंपनं एकमेकांना खाऊन टाकतात, काही फुगतात. दोन मिलीसेकंदांच्या फरकाने दोन सारखे आवाज मिळाले तर २५०, ७५० आणि १२५० हर्ट्झला खड्डे पडतात. मानवी आवाजाचा जीव याच पट्ट्यात असतो. गायक म्हणतो, "आवाज पोकळ येतोय." कुणी म्हणतो, "पाइपमध्ये गातोय असं वाटतं." मग रेकॉर्डिस्ट माइक बदलतो, इक्यू लावतो. माइकचा काहीच दोष नसतो.

यात एक तिसरी वाट आहे, जी आपल्याला बंद करता येत नाही. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज हाडांमधूनही, क्षणाचाही उशीर न होता ऐकू येतो. त्यामुळे डायरेक्ट मॉनिटर बंद करून फक्त सॉफ्टवेअरमधून येणारा आवाज दिला, तरी तो हाडांतून येणाऱ्या आवाजाशी भांडतो. म्हणून आता गायकाचा कोरडा आवाज इंटरफेसच्या आतल्या मिक्सरमधूनच जातो, आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचं इनपुट मॉनिटरिंग कायम बंद असतं. गायकाला रिव्हर्ब हवा असेल तर तो सॉफ्टवेअरमधून देतो, पण पूर्ण ओला, त्यात मूळ आवाजाचा अंशही नाही. रिव्हर्ब दहा-बारा मिलीसेकंद उशिरा आला तर काही बिघडत नाही. मोठ्या खोलीतही तो उशिराच येतो.

हाडांमधल्या या वाटेमुळेच एखाद्याला हेडफोनमधला स्वतःचा आवाज बारीक वाटत असेल, तर त्या क्यूची, म्हणजे हेडफोनला जाणाऱ्या मिक्सची, पोलॅरिटी उलटून विचारा. हाडांतून आणि हेडफोनमधून येणाऱ्या आवाजाची बेरीज बदलते, आणि पुष्कळदा गायक लगेच मान डोलावतो.

कंट्रोल रूममध्येही दुसरी वाट असते. स्पीकरचा आवाज थेट येतो आणि टेबलावर आपटूनही येतो. टेबलावरून येणारी वाट ३४ सेंटिमीटरने लांब असेल तर तो आवाज एक मिलीसेकंद उशिरा पोचतो आणि ५०० हर्ट्झला खड्डा पडतो. स्पीकर टेबलावरून काढून मागे वेगळ्या स्टँडवर ठेवले, थोडे उंच केले. वायरिंगला हात न लावता मधले स्वर सुधारले.

४. रेकॉर्डिस्टचा हात गायकाच्या कानावर नको.

हेडफोनला कंट्रोल रूमच्या मॉनिटरमधून फाटा होता, तेव्हा आम्ही व्हॉल्यूम कमी केला की गायकाचाही कमी व्हायचा. तबला सोलो करून ऐकला की त्यांच्या कानातून तानपुरा गायब. आलाप चालू असताना षड्ज अचानक नाहीसा झाला तर गायकाचं काय होत असेल याचा विचार करा.

आता आउटपुट १-२ मॉनिटर कंट्रोलरमधून स्पीकरकडे जातात, ३-४ फक्त गायकाला, ५-६ साथीदारांना. सोलो, म्यूट किंवा मोनो, कंट्रोल रूममध्ये काहीही केलं तरी ३-४ आणि ५-६ ला त्याचा स्पर्श होत नाही. तबलजींना पेटी आणि गायक हवे असतात. पेटीवाल्यांना स्वतःची पेटी फारशी नको असते. ख्यालगायकांतले अनेक जण नुसता तानपुरा मागतात आणि स्वतःचा आवाज एका कानाने उघडाच ऐकतात. अशा वेळी उघड्या बाजूचा हेडफोन क्यूमध्ये पूर्ण बंद करावा, नाहीतर तिथून तानपुरा माइकमध्ये झिरपतो.

टॉकबॅकचं बटण दाबून धरलं तेवढंच चालू राहावं, आणि ते दाबताच कंट्रोल रूमचे स्पीकर आपोआप खाली यावेत. टेक संपला की लगेच बोला, "छान, एक मिनिट थांबा" एवढं जरी. काचेपलीकडे आपण आपापसात चर्चा करतो. आत बसलेल्याला फक्त हलणारे ओठ दिसतात आणि तो समजतो आपलं काहीतरी बिघडलं. पुढचा टेक त्याच भीतीने गायला जातो.

५. दोष शोधताना डावं-उजवं बदला.

डाव्या स्पीकरमध्ये खरखर आहे. स्पीकरला लागणाऱ्या दोन केबलींची अदलाबदल करा. खरखर डावीकडेच राहिली तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या विजेत. उजवीकडे गेली तर दोष मागच्या वाटेवर. मग एक पाऊल मागे, कंट्रोलरच्या इनपुटला तेच करा. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो लिहून ठेवायचा. दोन गोष्टी एकदम बदलून आवाज सुधारला, तर कशामुळे सुधारला ते कधीच कळत नाही, आणि दोष महिन्याभराने परत येतो.

६. अर्थची पिन काढून हम घालवायचा नाही.

हे मी कळकळीने सांगतो. कार्यक्रमांत आणि छोट्या स्टुडिओंत सर्रास सांगतात, "दोन पिनांचा प्लग लावा, हम जाईल." जातो, खरं आहे. पण त्या यंत्रात आतून बिघाड झाला तर २३० व्होल्ट त्याच्या पत्र्यावर येतात, तिथून केबलच्या शील्डवर, आणि शील्डवरून माइकच्या जाळीवर. त्या जाळीला गाणाऱ्याचे ओठ लागतात.

हमचं कारण इथेही दुसरी वाटच असते. दोन यंत्रं विजेच्या अर्थने जोडलेली असतात आणि ऑडिओ केबलच्या शील्डनेही, आणि त्या वेटोळ्यातून प्रवाह फिरतो. उपाय आहेत. सगळी ऑडिओ यंत्रं एकाच ठिकाणाहून, एकाच फेजवरून चालवा. शक्य तिथे बॅलन्स्ड केबल वापरा. लॅपटॉप चार्जरवरून काढून नुसत्या बॅटरीवर चालवल्यावर हम गेला, तर वेटोळं कुठे आहे ते कळलंच. तिथे सिग्नलच्या वाटेत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. काही यंत्रांत एक्सएलआरची एक नंबरची पिन पत्र्याला न जोडता आतल्या सर्किट बोर्डाला जोडलेली असते, आणि शील्डवरचा कचरा थेट आवाजात उतरतो. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये यावर सविस्तर लिहिलं आणि तेव्हापासून हा दोष "पिन वन प्रॉब्लेम" म्हणून ओळखला जातो. एवढं बारकाईने शोधूनही हम राहिलाच, तर तो राहू द्या. अर्थ काढू नका.

७. व्हॉल्यूमचा नॉब कुठे उभा आहे ते बघा.

आमचा नॉब नेहमी तळाच्या पाव भागात असायचा. त्याहून वर नेला की कान दुखायचे. साध्या पोटेन्शिओमीटरचे दोन चॅनेल तळाशी सारखे चालत नाहीत. त्यामुळे हळू आवाजात ऐकताना मधला गायक किंचित डावीकडे सरकायचा आणि आम्ही पॅन तपासत बसायचो. कारण एवढंच की इंटरफेस +४ डीबीयूच्या पातळीवर सिग्नल देत होता आणि स्पीकरची इनपुट संवेदनशीलता उणे १० डीबीव्हीसाठी ठेवलेली होती. यात जवळपास १२ डेसिबलचा फरक पडतो. स्पीकरमागचे स्विच बदलले, नॉब मधोमध आला, गायक मधोमध आला.

मग उणे २० डीबीएफएसचा पिंक नॉइज एकेका स्पीकरमधून सोडून, बसण्याच्या जागी मीटरवर ७६ डेसिबल येईल तिथे नॉबवर खूण केली. मोठ्या हॉलसाठी ८३ चा आकडा वापरतात. आमच्या खोलीला तो फार होतो. मिक्सचे निर्णय त्या खुणेवरच घेतो. हळू ऐकलं की कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं आहे. रोज वेगळ्या व्हॉल्यूमवर काम केलं तर रोज वेगळा डग्गा मिक्स होतो.

८. मोनोत बोलणारा माणूस मधोमध दिसला पाहिजे.

कुणाचं तरी नुसतं बोलणं मोनोत वाजवा. आवाज दोन स्पीकरच्या बरोबर मध्ये एका बिंदूतून आला पाहिजे. तो पसरट वाटला आणि खालचे स्वर गेले, तर एका केबलमध्ये दोन आणि तीन नंबरच्या पिनांची सोल्डरिंग उलटी आहे. मल्टिमीटर लावा.

९. सगळ्यांना एकाच मॉडेलचे हेडफोन द्या.

एकाला ३२ ओमचे आणि दुसऱ्याला २५० ओमचे हेडफोन एकाच आउटपुटवर दिले, तर बहुधा एकाचे कान किटतात आणि दुसरा "अजून वाढवा" म्हणत राहतो. मागून बंद असलेलेच घ्या. उघड्या हेडफोनमधला क्लिक शांत आलापात हमखास माइकमध्ये येतो. आणि आवाज हळूहळू वाढत जाऊ देऊ नका. फार मोठ्या क्यूवर गाणारा सुरातून किंचित उतरतो, हे मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता सूर उतरला की आधी त्यांचा हेडफोन थोडा कमी करून बघतो.

१०. पैसे कोणत्या क्रमाने घालावेत.

नवे स्पीकर घ्यायची इच्छा सगळ्यांना होते, आम्हालाही होती. आम्ही आधी केबल आणि कनेक्टर बदलले, मग विजेची लाइन वेगळी करून घेतली, मग एक चांगला हेडफोन अ‍ॅम्प घेतला आणि त्यानंतर मॉनिटर कंट्रोलर. सॉफ्टवेअरमधल्या व्हॉल्यूमवर विसंबू नका. ड्रायव्हर अडकला आणि पूर्ण पातळीचा आवाज सुटला तर तो थांबवायला हाताखाली खरा नॉब किंवा कटचं बटण लागतं. बूथमध्ये दोन लाइन जास्तीच्या टाकून ठेवल्या, कारण सारंगी आणि पेटी एकत्र आली की त्या लागतातच. या सगळ्यानंतर जुनेच स्पीकर नीट ऐकले. ते बदलायची गरज उरली नव्हती, तेव्हा उरलेले पैसे खोलीच्या कोपऱ्यांतल्या बास ट्रॅपवर घातले.