विमानतळाची जमीन कुणाची?



नववीच्या वर्गात नगर निगमाची कामे शिकवताना आम्ही नेहमीची यादी फळ्यावर लिहितो : पाणीपुरवठा, दिवाबत्ती, सफाई, रस्ते, बगीचे. त्या यादीत विमानतळ नसतो. आपल्याकडे बहुतेक विमानतळ भारतीय विमानतळ प्राधिकरण या केंद्र सरकारच्या संस्थेकडे आहेत. आपल्या इंदूरचा देवी अहिल्याबाई होळकर विमानतळही त्यांतलाच. अमेरिकेत मात्र गोष्ट निराळी. तिथे शेकडो विमानतळ शहराच्या नगरपालिकेच्या मालकीचे असतात. एखादा बगीचा किंवा मंडई असावी, तसा हा विमानतळ. साहजिकच तिथल्या पार्षदांपुढे प्रश्न येतो, की ही जमीन किरायाने द्यावी, विकावी, की विमानतळ बंद करून दुसरेच काही करावे?

प्रश्न दूरच्या देशाचा वाटेल. पण जमिनीचा कागद कसा वाचावा हे या प्रश्नातून जितके चांगले कळते तितके पाठ्यपुस्तकातून कळत नाही, असे आमचे मत आहे. म्हणून हा पाठ.

आधी दोन शब्द. विक्री म्हणजे रजिस्ट्री झाली, पैसे मिळाले, मालक बदलला. पट्टा म्हणजे मालक तोच, पण ठराविक मुदतीपर्यंत वापरण्याचा हक्क दुसऱ्याचा. (आपण इंदूरकर 'किराया' म्हणतो, महाराष्ट्रातली मंडळी 'भाडे' म्हणतात; अर्थ एकच.) मुलांना वाटते की या दोहोंत फरक फक्त मुदतीचा आहे. तिसरी एक गोष्ट ते विसरतात, ती म्हणजे अट. जमीन कोणत्या कामासाठी मिळाली, हे कागदावर एका ओळीत लिहिलेले असते, आणि ती ओळ माणसांपेक्षा जास्त जगते.

आता सँटा मोनिका या गावाची हकीकत पाहू. लॉस एंजेलिसला लागून, प्रशांत महासागराच्या काठी हे शहर आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिथल्या एका शेतात विमाने उतरू लागली. १९२६ साली नागरिकांनी मतदान करून कर्जरोख्यांना मंजुरी दिली आणि शहराने ती जमीन विकत घेतली. म्हणजे मालकी पक्की, पैसा जनतेचा. पुढे डग्लस कंपनीचा मोठा कारखाना तिथे आला. आपल्या आजोबांच्या पिढीला 'डकोटा' विमान माहीत होते. ऑक्टोबर १९४७ मध्ये आपली फौज श्रीनगरला उतरली ती डकोटामधूनच. त्या जातीचे मूळ विमान, डी.सी. ३, पहिल्यांदा उडाले ते १७ डिसेंबर १९३५ रोजी, याच सँटा मोनिकाच्या धावपट्टीवरून.

दुसरे महायुद्ध आले. १९४१ साली अमेरिकेच्या केंद्र सरकारने हा विमानतळ शहराकडून पट्ट्याने घेतला. कारखाना शत्रूला वरून दिसू नये म्हणून त्यावर जाळी ताणून खोटी घरे आणि खोटी झाडे उभी केली. सिनेमाचे सेट बनवणारे कारागीर त्यासाठी आणले होते. (मुलांना हा भाग फार आवडतो, म्हणून सांगितला. पाठाचा मुद्दा पुढे आहे.) युद्ध संपल्यावर १९४८ साली सरकारने विमानतळ शहराला परत केला. परत करताना जो दस्तऐवज झाला त्यात अट घातली, की ही जागा विमानतळ म्हणूनच वापरायची. तसे न केल्यास सरकारला ती परत घेता येईल. १९४४ च्या कायद्याखाली त्या वर्षांत अनेक शहरांना युद्धकाळातले विमानतळ अशाच अटींवर मिळाले होते.

इथे वर्गात आम्ही थांबतो आणि विचारतो : सरकार तर पट्टेदार होते, मालक शहरच होते. मग जाताना पट्टेदाराने मालकाला कायमची अट घालावी, हे कसे? तुमच्या घरात राहिलेला किरायदार घर सोडताना म्हणाला, "मी स्वैपाकघर नवे बांधून दिले आहे, आता तुम्ही इथे स्वैपाकच करायचा," तर चालेल का? मुले लगेच म्हणतात, नाही चालणार. पण शहराने त्या कागदावर सही केली होती, सरकारी खर्चाने झालेली बांधकामे घेतली होती. मग? वर्गात दोन तट पडतात, आणि पडायलाच हवेत.

त्या वेळी शहराला अट जाचक वाटली नाही. जाच पुढे सुरू झाला. कारखान्यातल्या कामगारांची घरे धावपट्टीच्या अगदी लगत उभी राहिली होती. जेट विमाने आली, तसा आवाज आणि धूर वाढला. डग्लस कंपनीला मोठ्या विमानांसाठी लांब धावपट्टी हवी होती. शहराने नकार दिला आणि १९७५ पर्यंत कारखाना तिथून उठला. त्याच सुमारास शहराने जेटवर बंदी घातली, पण ती न्यायालयात टिकली नाही. १९८१ मध्ये नगर परिषदेने ठराव केला, की कायद्याने शक्य होईल तेव्हा विमानतळ बंद करायचा. १९८४ मध्ये केंद्रीय हवाई प्रशासनाशी करार झाला : २०१५ पर्यंत विमानतळ चालू ठेवायचा. लोकांना वाटले, आता तारीख ठरली.

पण मधल्या काळात शहराने दुरुस्तीसाठी केंद्राचे अनुदान घेतले होते. अशा अनुदानासोबत साधारण वीस वर्षे विमानतळ चालवण्याची हमी द्यावी लागते. १९९४ च्या अनुदानात २००३ साली २,४०,६०० डॉलरची भर पडली. तेव्हा हवाई प्रशासनाने म्हटले, वीस वर्षे २००३ पासून मोजा; म्हणजे २०२३ पर्यंत तुम्ही बांधलेले आहात. विमानतळाच्या हिशेबात ही रक्कम लहानच, पण वाद आठ वर्षे पुढे गेला. विश्वस्त मंडळींनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा अशी नम्र विनंती.

२०१३ मध्ये शहराने मालकी ठरवून घेण्यासाठी दावा लावला. खालच्या न्यायालयाने २०१४ मध्ये तो फेटाळला. कारण काय, तर अशा दाव्याची मुदत बारा वर्षांची असते, आणि अट तर १९४८ पासून तुमच्या कपाटात होती. २०१६ मध्ये वरच्या न्यायालयाने दावा पुन्हा उभा केला. त्याच वर्षी शहराने तिथल्या दोन खाजगी हवाई कंपन्यांना जागा खाली करण्याच्या नोटिसा दिल्या, केंद्राने त्याला हरकत घेतली, आणि भांडण चिघळले. अखेर जानेवारी २०१७ मध्ये तडजोड झाली. ३१ डिसेंबर २०२८ पर्यंत विमानतळ चालू राहील, त्यानंतर शहराला तो बंद करता येईल. धावपट्टी ४,९७३ फुटांवरून ३,५०० फूट करता येईल. त्याच वर्षाअखेर ती कापलीही. १९४८ ची अट मालकाला बांधते की नाही, याचा निकाल कोणत्याच न्यायालयाने दिला नाही. आमच्या वर्गातले दोन तट त्यामुळे अजून शाबूत आहेत.

एवढी २२७ एकर जमीन, समुद्राजवळ, लॉस एंजेलिसच्या कुशीत. तिची किंमत काय होईल याचा अंदाज तुम्हीच करा. बिल्डरांच्या हाती ती जाईल या भीतीने तिथल्या मतदारांनी नोव्हेंबर २०१४ मध्येच नियम करून ठेवला : विमानतळ बंद झाल्यावर तिथे बगीचा, मोकळी जागा, खेळाची मैदाने एवढेच होईल, दुसरे काही करायचे असेल तर आधी जनतेचे मत घ्यावे लागेल. आता शहरातल्याच काही जणांचे म्हणणे आहे की घरांची एवढी टंचाई असताना नुसता बगीचा कशाला? हा वाद खरा आहे, आणि दोन्ही बाजूंना अर्थ आहे.

दोन उलट उदाहरणे थोडक्यात. शिकागोत मेग्ज फील्ड नावाचा विमानतळ तळ्याकाठी होता. तिथे जमीन उद्यान मंडळाची आणि पट्टा शहराचा. पन्नास वर्षांचा पट्टा १९९६ मध्ये संपला, तडजोडीने काही वर्षे काम चालले. मग ३० मार्च २००३ च्या रात्री महापौर रिचर्ड डेली यांनी बुलडोझर पाठवून धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खोदून टाकल्या. विमाने आत उभीच होती! पुढे शहराला ३३,००० डॉलर दंड भरावा लागला आणि दहा लाख डॉलर परत करावे लागले. आज तिथे उद्यान आहे. उद्यान चांगलेच आहे, पण रात्री बुलडोझर पाठवणे हे लोकशाहीचे काम नव्हे, असे आम्हाला वाटते.

डेन्व्हरने मात्र जमीन विकली, आणि सावकाश विकली. तिथला स्टेपलटन विमानतळ फेब्रुवारी १९९५ मध्ये बंद झाला, कारण दूरवर नवा बांधून तयार होता. जुन्याच्या सुमारे ४,७०० एकरांवर आधी नागरिकांसह आराखडा ठरला, मग विकासकाने टप्प्याटप्प्याने जमीन घेतली. तिथे आज शाळा, बागा, वस्ती आहे. अमेरिकेत विमानतळाची जमीन अशी विकायची तर केंद्राची सोडचिठ्ठी लागते, बाजारभाव घ्यावा लागतो, आणि आलेला पैसा विमानतळाच्याच कामी लावावा लागतो. शहराच्या इतर खर्चासाठी तो वळवता येत नाही.

आपल्या देशात विक्रीऐवजी पट्ट्याचा मार्ग निवडला आहे. २००३ च्या कायदादुरुस्तीनंतर २००६ मध्ये दिल्ली आणि मुंबई विमानतळ तीस वर्षांसाठी, आणखी तीस वर्षे वाढवता येतील अशा अटीवर, खाजगी कंपन्यांकडे गेले. दिल्लीत पाच टक्के आणि मुंबईत दहा टक्केच जमीन हॉटेल वगैरे धंद्यांसाठी वापरता येते. दिल्लीची सुमारे ४,८०० एकर जमीन वर्षाला १०० रुपये किरायाने गेली, यावर कॅगने २०१२ च्या अहवालात बोट ठेवले. उत्तर असे होते, की किराया नाममात्र असला तरी कंपनी उत्पन्नातला जवळजवळ ४६ टक्के वाटा प्राधिकरणाला देते. किराया आणि वाटा दोन्ही मोजल्याशिवाय निवाडा करू नये, हे मुलांनी इथे शिकावे.

आता घरची गोष्ट. आपल्या शाळेच्या मैदानाची पुढची पट्टी दुकानांसाठी लांब मुदतीच्या किरायाने द्यावी, अशी सूचना विश्वस्तांपुढे आली आहे. छपराचे काम अडले आहे, पैसा हवा आहे, हे आम्ही रोज पाहतो. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे. पण आपली जमीनही पट्ट्याची आहे, आणि त्या कागदावर 'शैक्षणिक प्रयोजनासाठी' असे शब्द आहेत. पोट-किरायदार ठेवता येतो का, पट्टा नवा करायची वेळ केव्हा येते, पूर्वी घेतलेल्या अनुदानांसोबत कोणत्या हमी दिल्या होत्या, हे आधी काढून पाहावे. शनिवारी दुपारी दोन वाजता मूळ कागदाची नक्कल ग्रंथालयात ठेवली जाईल. पालकांनी यावे, विश्वस्तांनी यावे, आणि नववी-दहावीच्या मुलांनी वही घेऊन यावे.

मुलांसाठी प्रश्न एकच : सँटा मोनिकाच्या नगर परिषदेत तुम्ही १९४८ साली बसला असता, तर त्या कागदावर सही केली असती का? एक पान लिहा. शहराच्या बाजूने लिहिणाऱ्याने केंद्र सरकारचे म्हणणेही चार ओळींत मांडावे, आणि केंद्राच्या बाजूने लिहिणाऱ्याने शहराचे.